जतन केलेली जुनी अमेरिकन मोटार : पारख आणि खरेदी

'उत्तम स्थितींत जतन केलेली जुनी अमेरिकन मोटार विकणें आहे' अशा अर्थाची जाहिरात अधूनमधून वाचनांत येते. सोबत छायाचित्र असतें : लांबलचक नाक, रुंद छाती, झगझगीत रंग आणि आरशासारखें उजळलेलें क्रोमियम. किंमत मात्र बहुधा छापलेली नसते. ती विचारावी लागते, आणि ऐकल्यावर कांहीं वेळ गप्प बसावें लागतें. एवढ्या पैशांत डोक्यावर छप्पर होईल, असा विचार घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आणि असा योग पुन्हा येणार नाहीं, असें घरांतील तरुणास वाटणेंहि तितकेंच स्वाभाविक आहे. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य असूं शकतें. कोणाचें म्हणणें मानावें हें ठरविण्यापूर्वीं ही वस्तु मुळांत काय आहे, ती कशी पारखावी, आणि घेतल्यावर तिचा सांभाळ म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

या जातीच्या गाडीला अमेरिकेंत 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. कोल्हापूरकरांस हें नांव फारसें फोड करून सांगावयास नको. शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबाग मैदानांत ज्यांनीं कुस्त्या पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे कीं, उंचीनें बेताचा पण छातीनें व मांड्यांनीं भरलेला मल्ल आपल्याहून थोराड दिसणाऱ्या गड्यास कसा उचलून टाकतो. मसल कारचें तत्त्व हेंच. मध्यम आकाराची, साध्या घरगुती वापराची, दोन दारांची गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारांत मांडलेल्या आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें. वजन बेताचें आणि बळ मोठें असा मेळ साधला, कीं गाडी जागच्या जागीं उसळी घेते. वळणावर ती तितकीशी चपळ नसते आणि थांबतांनाहि कष्टानें थांबते. पण सरळ रस्त्यावर तिच्यासारखी धांव त्या काळीं त्या किंमतींत दुसऱ्या कोणत्याच गाडीस नव्हती. ती श्रीमंतांसाठीं नव्हती. नुकत्याच कमावत्या झालेल्या तरुणांसाठीं होती, ही गोष्ट तिच्या पुढील इतिहासांत महत्त्वाची ठरली.

हा वंश एका दिवसांत जन्मला नाहीं. १९४९ सालीं ओल्ड्समोबिल कंपनीनें आपल्या हलक्या गाडींत नवें 'रॉकेट' इंजिन बसविलें, तेव्हांपासून त्याचा आरंभ मानण्याची रीत आहे. १९५५ सालीं क्रायस्लर कंपनीनें तीनशें अश्वशक्तीची गाडी काढली आणि तिचें नांवच 'क्रायस्लर ३००' असें ठेवलें. परंतु या जातीची मूळपुरुष म्हणून जिचा मान आहे, ती गाडी म्हणजे १९६४ ची 'पॉण्टिॲक जी. टी. ओ.'. तिच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. पॉण्टिॲक ही जनरल मोटर्स या प्रचंड संस्थेची एक शाखा. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन बसवूं नये, असा वरिष्ठांचा दंडक होता. पॉण्टिॲकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें इंजिन 'टेंपेस्ट' या मध्यम गाडीच्या सांगाड्यांत बसवून पाहिलें, आणि तें बसलें. आतां दंडकाचें काय करावयाचें ? त्यांनीं ती नवी गाडी म्हणून जाहीरच केली नाहीं. जुन्या गाडीवर जादा पैसे भरून मिळणारी जोड म्हणून विकावयास काढली. नियमाची अक्षरें शाबूत राहिलीं आणि कामहि झालें. पहिल्या सालीं सुमारें पांच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; प्रत्यक्षांत ३२,४५० खपल्या. मग इतर कंपन्या स्वस्थ कशा बसतील ? शेव्हरोले शेव्हेल, प्लिमथ रोडरनर, डॉज चार्जर अशा एकाहून एक दांडग्या गाड्या आखाड्यांत उतरल्या. १९७० सालच्या शेव्हेलच्या सर्वांत बलिष्ठ इंजिनाची नोंद ४५० अश्वशक्ति अशी होती.

त्यानंतर हा बहर ओसरण्यास चार वर्षेंहि लागलीं नाहींत. तरुण चालक आणि तुफान वेग यांचा मिलाफ पाहून विमा कंपन्यांनीं हप्ते भरमसाट वाढविले. १९७० सालीं हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा अमेरिकेंत मंजूर झाला, आणि १९७१ पासून जनरल मोटर्सनें इंजिनांतील दाब उतरविला. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, तेव्हां पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि या खादाड गाड्यांना गिऱ्हाईक मिळेनासें झालें. पुढें तर प्लिमथ, ओल्ड्समोबिल आणि पॉण्टिॲक हीं नांवेंच बाजारांतून कायमचीं नाहींशीं झालीं. येथें खरेदीदारानें एक तांत्रिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर ठेवून, त्यावरील पुष्कळसे बोजे काढून अश्वशक्ति मोजीत; १९७२ पासून इंजिन गाडींत असतें तशा स्थितींत ती मोजूं लागल्या. म्हणून १९७० च्या आणि १९७२ च्या आंकड्यांची सरळ तुलना करणें म्हणजे पक्का शेर आणि कच्चा शेर एकाच तराजूंत घालण्यासारखें आहे.

या गाड्या आपल्या देशांत इतक्या विरळ कां, हा प्रश्न साहजिकच पडतो. कारण त्यापूर्वीं अमेरिकन मोटार महाराष्ट्रास मुळींच अपरिचित नव्हती. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें १९२८ मध्यें जोडणीचा कारखाना काढला होता, आणि तेथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडत. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनें क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें कुर्ल्यास डॉज, डीसोटो आणि प्लिमथ या गाड्यांची जोडणी केली. पुढें मात्र सुटे भाग आणून केवळ जोडणाऱ्यांस देशांत थारा देऊं नये, असें सरकारी धोरण १९५३ मध्यें ठरलें आणि जनरल मोटर्सनें शिवडीचें काम आटोपतें घेतलें. त्यानंतर कित्येक वर्षें परदेशी मोटार आणणें सामान्य माणसाच्या आवांक्यांत राहिलें नाहीं. मसल कारचा बहर नेमका या बंद दाराच्या काळांत येऊन गेला. म्हणून १९६४ ते १९७४ या काळांतील अशी गाडी येथें विक्रीस आली, कीं ती या देशांत आली कशी, हाच पहिला प्रश्न असला पाहिजे.

या प्रश्नाचें उत्तर कागदांतच सांपडावें लागतें. सीमाशुल्क भरल्याची पावती, पहिल्या नोंदणीचें पुस्तक, मधल्या मालकांची अखंड सांखळी आणि कर भरल्याचे दाखले हे सर्व एकमेकांशीं जुळले पाहिजेत. अनेक वर्षें भारतांत १ जानेवारी १९५० पूर्वीं बनलेल्या गाड्याच संग्राहकांस स्वतःच्या वापरासाठीं आणतां येत. २०२५ मध्यें हा नियम बदलला आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस वाट मोकळी झाली. जकातीचा भार मात्र मोठा आहे. 'कागद मागाहून करून देऊं' असें म्हणणारा विक्रेता भेटल्यास त्यास दुरूनच नमस्कार करावा. गाडी कितीहि देखणी असली तरी कागदांवांचून ती घराच्या अंगणांतील शोभेची मूर्ति होऊन बसते.

कागदांनंतर क्रमांक. प्रत्येक गाडीच्या अंगावर कारखान्यानें ठोकलेला क्रमांक असतो. १९६८ च्या सुमारास तो अमेरिकन गाड्यांत पुढच्या कांचेतून दिसेल असा डॅशबोर्डावर येऊं लागला. आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्याच क्रमांकाचा अंश इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावरहि उमटविण्यांत येऊं लागला. दोन्ही जुळले तर इंजिन जन्मापासून त्याच गाडींत आहे असें समजावें. हें एवढें महत्त्वाचें कां ? कारण साध्या गाडीस बलिष्ठ गाडीचें इंजिन, पट्टे आणि नामफलक लावून ती जातिवंत म्हणून विकण्याचा धंदा जगभर चालतो. जी. टी. ओ. चेंच उदाहरण घ्या. १९६६ पासून तिचा क्रमांक स्वतंत्र, २४२ या आंकड्यांनीं सुरू होणारा असतो. पण १९६४ व १९६५ सालीं ती केवळ जादा जोड असल्यामुळें क्रमांकावरून खरीखोटी ओळखतां येत नाहीं. तेथें कारखान्याच्या मूळ नोंदीचा उतारा मागावा लागतो, आणि तो मिळविण्याची सोय अमेरिकेंत आहे. कधीं कधीं जोडणीच्या वेळचा हुकूमनाम्याचा कागद आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सांपडतो. असा पिवळा, उंदरांनीं कुरतडलेला कपटाहि लाखमोलाचा ठरतो.

मग येतें अंग. रंग पाहून भुलूं नये. रंग हा सर्वांत स्वस्त अलंकार आहे. मऊ फडक्यांत गुंडाळलेला साधा लोहचुंबक घेऊन चाकांवरील कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीलगतचा पत्रा यांवरून फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं, तेथें पत्रा नसून पुट्टी भरलेली आहे. पायाखालचे गालिचे उचलावे, डिकींतील जादा चाकाखालीं हात घालावा, पुढच्या व मागच्या कांचेच्या चौकटी बोटांनीं चाचपाव्या. गंजाचीं घरें तेथें असतात. मस्टँगसारख्या गाडींत वेगळी चासी नसून पत्र्याचें अंगच सांगाड्याचें काम करतें. त्यामुळें तिच्या तळाचा गंज म्हणजे कण्याचाच रोग. पॉण्टिॲक व शेव्हेल यांना वेगळी चासी असते. ती एकदां खालीं निजून नजरेखालून घालावी. कोल्हापूर-सांगलीकडील खरेदीदारास आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पंचगंगा आणि कृष्णा यांना २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत आलेल्या महापुरांत अनेक वाहनें बुडालीं. डॅशबोर्डाच्या मागील तारांवर, आसनांच्या लोखंडी पायांत, दिव्यांच्या खोबणींत वाळलेल्या गाळाची रेघ दिसते काय, हें बारकाईनें पाहावें. बाहेरचा चिखल धुतां येतो. आंतला बहुधा राहतोच.

इंजिन ऐकावयास जातांना विक्रेत्यास आगाऊ बजावावें कीं, गाडी आधीं सुरू करून ठेवूं नये. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. तें ऊन लागलें तर थंड इंजिनाचा दोष झांकण्याचा हा प्रयत्न असूं शकतो. थंड स्थितींत सुरू करतांना क्षणभर निळसर धूर निघून थांबला, तर व्हॉल्वच्या सीलांपुरता दोष असतो. पण चालत्या गाडींतून निळा धूर सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत आणि तेल जळत आहे. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचा, आणि इंजिन तापल्यावरहि न थांबणारी गोडसर वासाची पांढरी वाफ रेडिएटरचें पाणी सिलिंडरांत शिरत असल्याची खूण. तेल दह्याच्या निवळीसारखें दुधाळ दिसलें, तरी निदान तेंच. आठही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. ते सारखे असणें हें एखाददुसरा अधिक असण्यापेक्षां मोलाचें आहे.

आतां जपणूक आणि नवीकरण यांतील भेद पाहूं. नवीकरण म्हणजे गाडी सुटी करून, रंगवून, जेथें जेथें झीज तेथें नवा भाग घालून ती नव्यासारखी करणें. जपणूक म्हणजे कारखान्यांतून जसा रंग, जसें कापड, जसे स्क्रू आले, ते होईल तेवढे तसेच राखणें. बाजारांत बहुतेकांस पहिली गाडी अधिक देखणी वाटते. जाणते लोक दुसरीस अधिक मान देतात. आजीच्या पैठणीची जुनी जर काढून नवी भरली, तर ती झळकेल खरी, पण ती आजीची पैठणी राहणार नाहीं. याचें ठळक उदाहरण म्हणजे १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीन यांनीं चालविलेली हिरवी मस्टँग. १९७४ मध्यें एका मासिकांतील जाहिरातीवरून ती एका साध्या कुटुंबानें विकत घेतली आणि घरच्या कामास वापरली. १९७७ मध्यें खुद्द मॅक्वीन यांनीं पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबानें दिली नाहीं. पुढें ती कित्येक वर्षें बंद पडून होती, तिचा रंग विटला. पण कोणीं ती नव्यानें रंगविली नाहीं. जानेवारी २०२० मध्यें लिलावांत तिला दलालीसह सुमारें ३७ लाख ४० हजार डॉलर आले. ही किंमत अर्थात् चित्रपटाच्या कीर्तीची आहे, आणि तशी अपेक्षा दुसऱ्या कोणत्याहि गाडीकडून धरणें भोळेपणाचें होईल. पण विटलेला मूळ रंग हा दोष नसून पुरावा असतो, हा धडा तीवरून घ्यावयास हरकत नाहीं.

भारतीय कायद्यानेंहि नेमकी हीच बाजू घेतली आहे. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेली, मूळ रूपांत राखलेली, आणि जिच्या चासींत, अंगांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशीच दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षें चालते. नव्यानें नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. आधींच नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक ठेवतां येतो. विक्रीस मुभा आहे, मात्र देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें नव्वद दिवसांच्या आंत परिवहन खात्यास कळवावयाचें असतें. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती यांसाठीं ती रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास किंवा भाड्यानें नाहीं. म्हणजे या नोंदणीची गाडी घेऊन रोज कचेरीस जाण्याचा बेत असेल, तर तो आरंभींच सोडावा. चाक डावीकडे असलेल्या गाडीस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें इशारा देणारें विहित साधन चालू स्थितींत असावें लागतें. शिवाय डाव्या बाजूस बसून गगनबावड्याच्या घाटांत पुढच्या ट्रकास मागें टाकावयाचें म्हणजे समोरचें कांहींच न दिसतां घेतलेली उडी आहे, हें कायद्यानें न सांगतांहि समजावें. त्यांतून अशा अनेक गाड्यांना चारी चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असतात. उतारावर ते तापले कीं त्यांची पकड सुटूं लागते.

सांभाळाचा सर्वांत नाजुक प्रश्न पेट्रोलाचा आहे. जुन्या काळच्या पेट्रोलांत शिशाचें संयुग घालीत आणि त्याचा पातळ थर व्हॉल्वच्या बैठकींचें रक्षण करी. आरोग्यास घातक म्हणून भारतांत २००० सालच्या फेब्रुवारीपासून तें बंद झालें, आणि तें योग्यच झालें. पण त्यामुळें जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणें इष्ट ठरतें. दुसरी अडचण कोल्हापूरच्या शिवारांतूनच येते. उसापासून साखरेबरोबर आतां इथेनॉलहि होतें, आणि पेट्रोलांतील त्याचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आलें आहे. उसाच्या मुलखास ही गोष्ट हिताची; पण जुन्या रबरी नळ्यांस इथेनॉल मानवत नाहीं, त्या फुगतात, चिरतात, आणि टाकींत पाणी साठून गंज धरतो. यास्तव नळ्या, पंपाचे पडदे व कार्ब्युरेटरचे वायसर नव्या पद्धतीच्या रबराचे घालावे आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. खर्चाचा अंदाज घेणाऱ्यानें एका लिटरांत पांच-सहा किलोमीटर एवढीच चाल धरावी.

या कामीं कोल्हापूर भाग्यवान आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथील ओतशाळांत व लेथांवर मोटारींचे भाग रोज घडतात. नमुना हातीं दिला तर झिजलेली बुश किंवा तुटलेला ब्रॅकेट हुबेहूब करून देणारे मेस्त्री येथें आहेत. त्यांच्या कसबाचा लाभ घ्यावा, पण एक पथ्य पाळावें : काढलेला मूळ भाग भंगारांत न टाकतां चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा, आणि जो फेरफार पुन्हा पूर्ववत् करतां येणार नाहीं, तो करूंच नये. कापलेला पत्रा आणि घासून टाकलेला क्रमांक कोणताहि कारागीर परत आणूं शकत नाहीं. गाडी चालती ठेवणें हेंहि जपणुकीचेंच अंग आहे. कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार शाही दसऱ्यास दसरा चौकांत येते, तेव्हां तिला पाहावयास लोटणाऱ्या गर्दींत लहान मुलें असतात, तसे तिचा आवाज कान देऊन ऐकणारे वृद्ध मेस्त्रीहि असतात. उभ्या उभ्या ब्रेक आवळतात, सीलें सुकतात, उंदीर तारा कुरतडतात; महिन्यांतून एकदां नीट तापेपर्यंत चालविलेली गाडी यांपासून बऱ्याच अंशीं वांचते.

घरांतील वादाचा निकाल आतां सोपा होतो. फायद्यासाठीं घेणाऱ्यानें ही गाडी घेऊं नये. बाजार चढतो तसा उतरतोहि. कर्ज काढून तर मुळींच घेऊं नये, कारण खरेदीनंतरचा खर्च खरेदीच्या दिवशींच सुरू होतो. पण घरची सोय लागलेली असेल, गाडी ठेवावयास कोरडी जागा असेल, कागद व क्रमांक जुळत असतील, आणि आपल्या पश्चात् ती कोणाच्या हातीं जाईल याचाहि विचार झालेला असेल, तर वडीलधाऱ्यांनींहि हरकत घेऊं नये. खरेदीपूर्वीं एक दिवस एखाद्या अनुभवी मेस्त्र्यास त्याचा योग्य मोबदला देऊन बरोबर न्यावें, आणि त्यानें 'नको' म्हटलें तर गाडीकडे पुन्हा वळून न पाहतां परत यावें. तो एक दिवसाचा मोबदला या सबंध व्यवहारांतील सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरेल.